ब्रॉन्को बिलीचे मूकपट: सुरुवात कुठून करू?

खडीसाखर: आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. सध्या बाबा पुण्याहून आलेत, काउबॉयपटांचे जबरी शौकीन. इथल्याच नाइल्स भागात फिरताना 'ब्रॉन्को बिली' हे नाव दिसलं आणि तेव्हापासून "हा कोण?" चालू आहे. त्यांना काय दाखवू? मूकपटांची सवय नाही, कंटाळले की सरळ घोरायला लागतात.

जुनाबाजार: पडद्यावरचा पहिला काउबॉय स्टार. मूळ नाव मॅक्सवेल ॲरॉन्सन, जन्म १८८०, आर्कान्सामधलं लिटल रॉक. सिनेमात गिल्बर्ट अँडरसन झाला, आणि ब्रॉन्को बिली ही त्याची गाजलेली भूमिका. आधी 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' (१९०३) लावा. बाराएक मिनिटांत संपतो, बाबा जागे राहतील. त्यात याची तीन कामं आहेत. लुटारू सगळ्यांना गाडीतून खाली उतरवतात, तेव्हा एक प्रवासी पळत सुटतो आणि गोळी खाऊन आडवा होतो, तो हाच. पुढे नाचाच्या प्रसंगात पायाशी गोळ्या झाडून ज्याला नाचवतात, तोही हाच. शिवाय एक दरोडेखोर. गंमत म्हणजे तेव्हा गड्याला घोड्यावर धड बसताही येत नव्हतं म्हणतात!

टांगेवाला: आणि आपल्याकडे बघून पिस्तूल झाडतो तोही तोच ना?

जुनाबाजार: नाही हो, तो जस्टस बार्न्स. अनेकांचा घोळ होतो.

निळीशाई: नाइल्स उशाशी असताना मोबाइलवर कसले बघताय? तिथे एसॅने मूकपट संग्रहालय आहे, १९१३ च्या जुन्या थिएटरात. शनिवारचे खेळ असतात, समोर माणूस बसून पियानो वाजवतो. तो ऐकला की मूकपट मुका वाटतच नाही. वेळापत्रक तेवढं आधी बघून घ्या.

एसॅने ही अँडरसन आणि जॉर्ज स्पूरची कंपनी, १९०७ साली शिकागोत काढलेली. स्पूर तिकडे हिशेब बघायचा आणि हा पठ्ठ्या इकडे डोंगरदऱ्यांत स्वतःच लिहायचा, दिग्दर्शन करायचा, कामही करायचा. ब्रॉन्को बिलीचे शंभरावर लघुपट काढले. माझं मत: एका बैठकीत दोनच बघा. फरार गुन्हेगार, आजारी लेकरू, मग याला पाझर फुटणार, हा साचा लगेच लक्षात येतो. 'ब्रॉन्को बिलीज रिडेम्प्शन' (१९१०) बघितलात तर पुष्कळ झालं.

टांगेवाला: चॅप्लिनचा 'द चॅम्पियन' (१९१५) राहिला की! चॅप्लिनला एसॅनेत आणला तो अँडरसननेच, आठवड्याला १,२५० डॉलर देऊन. मुष्टियुद्धाच्या प्रेक्षकांत अँडरसन स्वतः बसलाय. बाबांना शोधायला सांगा, झोपायचे नाहीत.

खडीसाखर: भारी! पुढे काय झालं त्याचं?

जुनाबाजार: १९१६ मध्ये एसॅनेचा नाइल्समधला स्टुडिओ बंद पडला, यानेही आपला हिस्सा विकून टाकला. मग लोक विसरले. १९५८ मध्ये मानद ऑस्कर मिळालं, १९७१ मध्ये गेला.

बाबांना गोडी लागलीच तर पुढचा मुक्काम विल्यम हार्ट, हाही मूकपटांतला काउबॉय नट. 'हेल्स हिंजेस' (१९१६). अभिनयात हार्ट कितीतरी उजवा, आणि शेवटी अख्खं गाव पेटतं. तो मात्र जेवणाआधी लावा, तासाभराचा आहे.