खाली बसवलेल्या जीटी८६ ला स्पेसर: किती मिमी, आणि कुठल्या प्रकारचे?

चाकोरी
नमस्कार मंडळी. गाडी टोयोटा जीटी८६. स्प्रिंगा बदलून ३० मिमी खाली घेतली आहे. चाकं कंपनीचीच, १७ x ७ इंच, ईटी ४८ (चाक जिथे टेकतं त्या पृष्ठभागापासून रिमची मधली रेषा जितके मिमी आत, तो आकडा), टायर २१५/४५. गाडी खाली बसल्यापासून चाकं आणखीच आत ओढल्यासारखी दिसतात. मागून पाहिलं की भारदस्त माणसाने लहान भावाच्या चपला घातल्यासारखं वाटतं. स्पेसर (चाक बाहेर यावं म्हणून त्याच्या मागे बसवायच्या चकत्या) लावायचे मनात आहे, मागे २०, पुढे १५.

प्रश्न दोनच. मिमी बरोबर आहेत का? आणि नुसते स्टडवर (चाकाचे नट चढतात त्या दांड्यांवर) सरकवायचे घ्यावेत की हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) वेगळ्या नटांनी आवळायचे, ज्यांना स्वतःचे स्टड असतात ते?

आधीच सांगते, पैसे स्पेसरपुरतेच आहेत. नवीन रिम आणि कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक) कृपया सुचवू नका.

रबरजळे
नवीन रिम घे. १७ x ८, ईटी ३५. मी फोर्ज्ड घेतल्या, आज तीन वर्षं झाली, गाडी नुसती चिकटून वळते. स्पेसर म्हणजे रिम परवडत नसल्याची जाहिरात.

चाकोरी
दादा, शेवटची ओळ वाचलीत का?

रबरजळे
वाचली. म्हणूनच म्हणतो, थोडं थांब, साठव, आणि रिम घे.

नटबोल्ट नाना
माझं ऐका, मी भोगलंय. स्वस्तात मिळाले म्हणून जाड वॉशरसारखे सपाट स्पेसर आणले होते. हबवर बसणारी रिंग नाही, पुढे चाक मध्यावर बसवायला उंचावलेला ओठ नाही. ताशी ९० पर्यंत गाडी शहाण्यासारखी. शंभरी ओलांडली की स्टीअरिंगला कापरं भरायचं. बॅलन्सिंग तीनदा केलं, टायर मागचे पुढे केले, शेवटी टायरवाल्याशी भांडलो. गरीब बिचारा, त्याचा काही दोष नव्हता. चाक मध्यावर धरायला काहीच नव्हतं, नुसतं नटांच्या भरवशावर लटकलेलं.

जीटी८६ चा हब ५६.१ मिमीचा. स्पेसरचं आतलं भोक ५६.१ असलंच पाहिजे आणि बाहेरचा ओठही ५६.१. 'सगळ्या गाड्यांना चालतो' असं लिहिलेला स्पेसर कुठल्याच गाडीला धड बसत नाही.

मीच तो
नानांना +१. भोक ५६.१ बघून घ्या.

शंकेखोर
मुळात लावावेत कशाला? बेअरिंग जातात. चाक बाहेर गेलं की तरफ वाढते, साधं विज्ञान आहे. माझ्या ओळखीतल्या एकाचं बेअरिंग सहा महिन्यांत घूंऽऽ करायला लागलं.

रबरजळे
म्हणूनच रिम घे म्हणतोय.

ईटीवाला
थांबा, थांबा. रबरजळे, तुमच्या १७ x ८ ईटी ३५ चं गणित करू.

कंपनीची ७ इंची रिम, म्हणजे अर्धी रुंदी ८८.९. त्यातून ईटी ४८ वजा केला की बाहेरची कड हबच्या पृष्ठभागापासून ४०.९ मिमी. तुमची ८ इंची, अर्धी रुंदी १०१.६, वजा ३५, म्हणजे ६६.६. तुमची कड जवळपास २६ मिमी बाहेर आली. चाकोरीताई २० मिमीच म्हणतायत.

तरफेसाठी रुंदी नाही, ईटी बघायचा. २० मिमी स्पेसरने ईटी २८ होतो, तुमचा ३५ आहे. फरक ७ मिमी. चाक बाहेर कशाने गेलं, रिमने की स्पेसरने, हे बेअरिंगला कळत नाही. 'स्पेसरने बेअरिंग जातं, रिमने जात नाही' हे काही पटत नाही.

रबरजळे
माझी बेअरिंगं उत्तम आहेत.

ईटीवाला
तेच तर म्हणतोय.

शंकेखोर
आकडे फेकले म्हणून बेअरिंग ऐकत नसतं.

बंपरघाशा
एवढा काथ्याकूट कशाला? मी ५ मिमीचे सरकवले, स्टड कंपनीचेच, नट सहा फेरे बसतात. दीड वर्ष झालं, काही नाही. बिनधास्त लावा.

टॉर्करेंच
बंपरघाशा, आज घरी गेलात की आधी ते काढा. हा सल्ला नव्हे, विनंती समजा.

स्टड एम१२ (१२ मिमी जाड), पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५. नट स्टडवर निदान स्टडच्या जाडीइतका तरी चढलेला असावा, म्हणजे १२ मिमी. १२ भागिले १.२५, साधारण दहा फेरे. तुमचे सहा म्हणजे साडेसात मिमी. काही झालं नाही हे नशीब.

चाकोरी, आता तुमच्याकडे येतो, जरा सविस्तर लिहितो.

सरकवायचा प्रकार म्हणजे कंपनीच्या स्टडमधून स्पेसरची जाडी वजा. ५ मिमीलाही हे अंगाशी येतं हे वर दिसलंच, १५-२० ला तर प्रश्नच नाही. लांब स्टड ठोकून घ्यावे लागतात, आणि जुने हबमधून काढून नवे दाबून बसवायचं काम आहे. पण झालं की व्यवस्था सर्वांत साधी: एकच नट, आणि तो डोळ्यांना दिसतो.

बांधायच्या प्रकारात कंपनीच्या स्टडवर स्पेसर आवळायचा, मग स्पेसरच्या स्टडवर चाक. इथली गोम अशी की कंपनीचे स्टड स्पेसरच्या जाडीपेक्षा लांब असले की पुढे डोकावतात. चाकाच्या पाठीला नटांच्या भोकांच्या मधे खोलगट खिसे असतील तर डोकावणारं टोक तिथे मावतं. नसतील तर चाक स्पेसरवर सपाट बसतच नाही, टोकांवर टेकतं. नट आवळताना घट्ट वाटतं, आणि चार दिवसांत सैल. बरेच अपघात इथेच होतात, स्पेसर तुटून नव्हे.

म्हणून विकत घेण्याआधी तीन मापं घ्या.
मागच्या कमानीच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून रिमपर्यंतचं अंतर मोजा, दोन्ही बाजूंना वेगवेगळं. दोन्ही बाजू सारख्याच असतील असं धरून चालू नका.
चाक काढा आणि डिस्कच्या पृष्ठभागापासून स्टड किती बाहेर आहे ते बघा.
चाक पालथं घालून खिसे आहेत का, किती खोल, तेही मोजा.

शुद्धमती
एक शंका. स्पेसरला मराठीत काय म्हणावं? 'अंतरक' कसा वाटतो?

नटबोल्ट नाना
दुकानात जाऊन अंतरक मागा आणि काय मिळतं ते इथे कळवा.

निवांत
'चाकफुगवणी' म्हणा. दिसण्यासाठीच तर चाललंय सगळं.

शुद्धमती
थट्टा करा. शब्द असाच जातो.

मीच तो
तरफ वाढते हे बरोबर आहे. बेअरिंग बघा.

बंपरघाशा
टॉर्करेंच, मोजले. पाच फेरे आहेत. काढतो उद्या.

चाकोरी
मोजलं सगळं. स्क्रूला दोरा बांधून ओळंबा केला. वारा सुटला होता, दोरा थांबेचना, शेवटी स्क्रू पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवला तेव्हा कुठे स्थिर झाला.

मागे डावीकडे कड ३१ मिमी आत, उजवीकडे २४. सात मिमीचा फरक! गाडी वाकडी आहे की काय?
स्टड बाहेर साधारण २५ मिमी.
चाकाला मागून खिसे आहेत. खोली मोजायला मुलांची खेळायची माती दाबून बसवली, काढली आणि पट्टीवर धरली. ९ मिमी भरली.

शंकेखोर
गाडी ठोकलेली असणार. विकली त्याने फसवलं.

टॉर्करेंच
घाबरू नका. मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) बॉडीला बोल्टने लागते आणि भोकात थोडी ढिलाई असते. ती साडेतीन मिमी एकीकडे सरकली की दोन बाजूंत सात मिमीचा फरक पडतो. दोन्हीकडचा कॅम्बर (चाकाचं वरून आत-बाहेर झुकणं) वेगळा असला तरी ओळंब्याला दिसतं. स्प्रिंगा बदलल्यावर अलाइनमेंट केली होती का?

चाकोरी
नाही. गाडी सरळ जात होती, म्हणून राहिलं.

नटबोल्ट नाना
हरे राम.

टॉर्करेंच
मग स्पेसर नंतर, आधी ते. खाली घेतल्याने मागचा कॅम्बर उणे होतो, टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) पण सरकतो, आणि टायर आतल्या कडेने झिजतो. गाडी सरळ जाते म्हणजे अलाइनमेंट ठीक आहे असं नसतं. दोन्हीकडचा टो सारखाच बिघडला तरी ती सरळच जाते. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवून बघा.

आता तुमच्या आकड्यांवर. २० चे बांधायचे घेतलेत तर स्टड ५ मिमी डोकावेल, खिसा ९ चा, म्हणजे मावतो. उजवीकडे २४ मधले ४ उरतात. ते रिमपासूनचे आहेत हे विसरू नका, टायरची कड रिमपेक्षा थोडी फुगलेली असते. १५ चे घेतले तर स्टड १० मिमी डोकावणार आणि खिसा ९ चा. म्हणजे पुढे १५ चे बांधायचे घेताच येणार नाहीत.

ईटीवाला
मग पुढे लांब स्टड आणि १५ चे सरकवायचे. मागे पण तेच. एकदाच काम, डोक्याला ताप नाही. लांब स्टड फार मोठा खर्च नसतो.

मीच तो
लांब स्टड +१.

रबरजळे
स्टड, मजुरी, स्पेसर, अलाइनमेंट. बेरीज करा. रिम आली असती.

निवांत
मी कंपनीचे स्टड ग्राइंडरने कापून १५ चे बांधायचे लावले. पाच मिनिटांचं काम.

टॉर्करेंच
आणि उद्या स्पेसर काढला की चाक कशाला लावणार? रस्त्यात स्पेसरचा स्टड तुटला तर परत मूळ स्थितीत यायची वाटच बंद. कापू नका.

पुढच्या बाजूचं अजून थोडं. स्टीअरिंग ज्या रेषेभोवती फिरतं ती जमिनीला टेकते तिथपासून टायरच्या मधल्या रेषेपर्यंतचं अंतर, त्याला स्क्रब रेडियस म्हणतात. पुढे १५ मिमीचा स्पेसर लावला की त्यात साधारण तेवढाच फरक पडतो. मग खड्ड्याचा, ब्रेकचा धक्का हातात येतो, आणि रस्त्यावर चाकांनी घासून केलेल्या खाचा असतील तर गाडी त्या धरून चालते. तुमच्या नावासारखंच, चाकोरी शोधत.

शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात) आहे. मागचं चाक वर दाबलं गेलं की वरून आत झुकतं आणि कमानीखाली शिरतं. पुढचं तेवढं झुकत नाही. त्यात वळवलेलं असेल तर टायरची कड आतल्या प्लास्टिकला घासते. उभ्या गाडीत बसतंय म्हणून चालणार नाही, बंप स्टॉपपर्यंत (सस्पेन्शन जिथे टेकून थांबतं तिथपर्यंत) दाबून, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघावं लागतं.

ईटीवाला
पण फक्त मागे लावले तर मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) ४० मिमीने वाढणार आणि पुढचा तेवढाच राहणार. पुढचं टोक सुस्त होणार. या गाडीची सगळी गंमतच तिथे आहे. चारी बाजूंना लावा नाहीतर लावूच नका.

नटबोल्ट नाना
ईटीवाल्याशी सहमत. आणि बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण खरवडा. कणभर खपली राहिली तरी स्पेसर तिरका बसतो. नटांना तेल द्या म्हणजे सरसर जातील.

टॉर्करेंच
नाना, बाकी सगळं मान्य, तेल नाही! टॉर्कचा (नट आवळायच्या जोराचा) आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेल लावलं की त्याच आकड्याला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. हबच्या ओठावर गंज धरू नये म्हणून बोटभर काही चोळलंत तर चालेल, आट्यांना नाही.

नटबोल्ट नाना
चाळीस वर्षं तेल लावतोय.

टॉर्करेंच
आणि किती स्टड तुटले?

नटबोल्ट नाना
दोन. पण ते जुने होते.

बंपरघाशा
मी एकदा १.५ पिचचे नट १.२५ वर चढवले होते. दोन फेरे हाताने गेले, मग अडकला, मी पाना लावला. पुढचं सांगत नाही.

चाकोरी
सगळ्यांचे आभार. काय केलं ते सांगते, ओरडू नका.

अलाइनमेंट करून घेतली. मागच्या डाव्या बाजूला कॅम्बर उजवीपेक्षा जास्त होता, आणि टो दोन्हीकडे बिघडलेला. टायरची आतली कड हाताला करवतीसारखी लागत होती. बाहेरून टायर नवा दिसत होता, हात लावला नसता तर कळलंच नसतं. सबफ्रेम ढिली करून सरकवली, आता ओळंब्याला २९ आणि २६ येतात.

स्पेसर फक्त मागे लावले, २० चे बांधायचे, भोक ५६.१. पुढे काही नाही. लांब स्टडही नाहीत. खिशात पुन्हा माती ठेवून चाक आवळलं आणि काढलं, स्टडचा ठसा उमटला पण खाली अजून मातीचा थर उरला होता, म्हणजे तळाला टेकत नाही. मागे दोन माणसं आणि सामान घालून गतिरोधकावरून नेली, घासली नाही.

ईटीवाला
पुढचं टोक?

चाकोरी
असेल सुस्त. मला जाणवलं नाही. मी कामावर जाते हो तिने, शर्यतीला नाही.

शंकेखोर
बेअरिंगचं कळवा सहा महिन्यांनी.

टॉर्करेंच
माझी पसंती लांब स्टडलाच होती, पण मापं घेऊन केलंत तर हरकत नाही. शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळले का? आतले, स्पेसर धरणारे. बाहेरचे सगळेच बघतात.

चाकोरी
कालच केलं. बाहेरचे सगळे टॉर्कच्या पान्याला जागच्या जागी क्लिक झाले. मग चाकं काढून आतले बघितले, तर उजवीकडचा एक पाव फेरा फिरला. आता पुन्हा शंभर किलोमीटर चालवून परत दोन्ही चाकं काढायची. हा वैताग कुणी नीट सांगितला नव्हता.

टॉर्करेंच
सांगितला होता. 'एकच नट, आणि तो डोळ्यांना दिसतो.'

रबरजळे
फोटो बघितला, झकास दिसतेय. आता पुढे रिम घे.

बंपरघाशा
माझे ५ चे काढले. कुणाला हवेत का?