ओवी गाणारी ‘यंत्र-आजी’ नक्की कुणाची अडचण सोडवणार आहे?

रानजाई (धागाकर्ती)
काल एका सल्लागार गृहस्थांनी इथे लेख टाकला. त्यांच्या मते शहरातल्या नातवंडांचा आजीशी संवाद तुटला आहे, डिझाइन थिंकिंगच्या, म्हणजे वापरणाऱ्याची गरज समजून उपाय घडवण्याच्या पद्धतीच्या, पाच पायऱ्या चढल्या की तो सांधता येतो, आणि उपाय म्हणजे जात्यावरच्या ओव्यांवर पोसलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची आजी, जी नातवाचे नाव घालून नवी ओवी रचेल व गाईलही. त्याचा नमुना म्हणे दोन दिवसांच्या कार्यशाळेत तयार होईल.

माझा राग तंत्रज्ञानावर नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या समाजअभ्यासकांनी हजाराहून अधिक गावांतल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, संगणकीय संगीताचे अभ्यासक बर्नार बेल यांनी १९९०च्या दशकात त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या, आणि आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहाच्या संकेतस्थळावर गाणारीच्या नावागावासह ऐकता येतात. हे सारे तंत्रज्ञानाच्याच बळावर झाले. मात्र तिथे ओवी कुणाची आहे, हे कळते. पहाटे दोघी जात्याला बसत, एकीने ओळ उचलली की दुसरी ती झेलत असे, आणि घरात ज्याचा उच्चारही करता येत नव्हता ते जात्याच्या घरघरीत बोलले जाई. ती नातवाच्या करमणुकीसाठी केलेली रचना नव्हती. तिच्यातून बाई वगळून उरलेल्या आवाजाला माणसामाणसांतले नाते म्हणणे मला तरी जमणार नाही.

आराखडा
मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून शांतपणे लिहितो. रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवण्यालाच ही पद्धत समजणारे लोक आहेत आणि त्यांचा मलाही कंटाळा आला आहे. परंतु तिची पहिली पायरी समोरच्याचे जगणे समजून घेण्याची आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरलात. एक लाख ओव्यांचा संग्रह कितीही थोर असला, तरी माझ्या पुतणीने त्यात काय शोधायचे? तिला विषयवारी ठाऊक नाही, तिला फक्त आजोळचे गाव ठाऊक आहे. तिने गावाचे नाव उच्चारताच त्याच परिसरातली खरी ओवी तिला ऐकू आली, तर तेही आपल्याला पाप वाटणार आहे काय?

खुंटा
या चर्चेत जात्याचे जे गुणगान चालले आहे, त्याने मला अधिक चीड येते. माझ्या आईच्या तळहातावर खुंट्याने पडलेले घट्टे शेवटपर्यंत होते. बाळंतपणातून उठलेल्या बाईला पहाटेच्या अंधारात दळायला बसवत, आणि ती गात असे, कारण गाण्याखेरीज ते काम रेटवत नसे. गावात पिठाची गिरणी आली, तेव्हा ओवी बुडाली म्हणून एकही बाई रडल्याचे आईने मला सांगितले नाही. ज्यांना ओवीचा एवढा कळवळा आहे, त्यांनी एक आठवडा घरची ज्वारी जात्यावर दळावी आणि मग परंपरेवर लिहावे.

रानजाई
मी जात्याचा गौरव केलेलाच नाही. कष्ट खरे होते म्हणूनच त्यांतून आलेला शब्द खरा आहे, आणि तो एखाद्या यंत्राने फुकटात उचलू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. न वाचता उत्तर देण्याची घाई आपण टाळली असती, तर बरे झाले असते.

खुंटा
वाचूनच लिहिले आहे. ‘कष्टांतून आलेला शब्द’ हे वाक्य ज्याला स्वतः दळावे लागत नाही त्यालाच सुचते.

माळरान
गिरणीने बाई मोकळी झाली हेही अर्धेच खरे आहे. आमच्याकडे जाते सुटले आणि तेवढाच वेळ हंडे वाहण्यात व परक्याच्या शेतात खुरपण्यात गेला. सुटले ते गाणे, कारण हंडा डोक्यावर घेऊन चढण चढताना कुणी गात नाही. शिवाय ‘बाई’ म्हणून सगळ्यांना एका पाटावर बसवू नका. त्याच संग्रहात बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत, आमच्या वस्तीतल्या बायकांनीही तशा गायल्या आहेत. जे वारंवार येते त्याकडेच हे यंत्र झुकते, त्यामुळे नातवासाठी ते तुळस, माहेर आणि भाऊराया यांचीच ओवी रचेल, आणि आमची ओवी कुणी न गाळताही गळून जाईल. बोलीचेही तेच होणार आहे. मावशीने ‘पानी’ म्हटले की माझा फोन ‘पाणी’ लिहितो. तिचे बोलणे परस्पर सुधारण्याचा अधिकार त्याला कुणी दिला?

सातासमुद्रापार
मी न्यू जर्सीत राहतो आणि माझी आई सांगलीत एकटी असते. आमच्या दोन घरांतल्या वेळा जुळत नाहीत. ती रात्री फोनमधल्या सहायिकेला ‘झोप आता, बाई’ असे म्हणते, हे शेजाऱ्यांकडून कळले तेव्हा मला लाज वाटली आणि त्याच वेळी तिला बोलायला काहीतरी आहे याचे बरेही वाटले. आपण सर्व जण खऱ्या नात्याची मोजमापे ठरवत आहात. ज्यांच्याकडे रात्री बोलायला कुणीच नाही, त्यांना या वादात स्थान आहे काय?

रानजाई
आपल्या आईंविषयी वाईट वाटते, आणि तरीही सांगते की त्यांना ऐकणारे कुणीतरी हवे आहे. या प्रस्तावात मात्र आजी बोलणार आणि नातू ऐकणार, तीही खरी आजी नव्हे. सांगलीतल्या बाईंना त्यातून काय मिळणार?

आराखडा
हा मुद्दा मला मान्य करावा लागतो, अर्थात आपल्या सुरात नव्हे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालात साध्या लोट्याचे उदाहरण घेऊन लिहिले होते की तो कुणा एका रचनाकाराने घडवलेला नाही, पिढ्यापिढ्यांनी घडवला आहे. ओवीही तशीच असल्याने तिची नवी आवृत्ती दोन दिवसांत निघणार नाही. परंतु नातवाने आजीला विचारायचे प्रश्न सुचवणारे आणि तिचे उत्तर तिच्याच बोलीत जसेच्या तसे जपणारे साधन करता येईल, आणि ते मी करून दाखवू शकतो.

खुंटा
करा. आजीला आधी विचारा, तिला ‘नको’ म्हणण्याची सोय ठेवा आणि तिचे नाव तिच्या इच्छेनेच लावा. माझ्या आईने जात्यावर काय गायले ते तिने मला कधीच सांगितले नाही. तो तिचा हक्क होता.

माळरान
त्या कार्यशाळेचे प्रवेशशुल्क सल्लागारांच्या लेखात ठळक अक्षरांत होते, पण गाणाऱ्या बाईच्या मानधनाचा रकाना मला सापडला नाही. तो भरल्यावर कळवा; मावशीला मी स्वतः घेऊन येईन, अर्थात तिचा त्या दिवशीचा रोजही धरून.