जुन्या छत्रीवर फ्री डिश लागेल का?

ओगलेवाडीकर:
आई-आप्पा गावी असतात, कराडजवळ. बातम्या आणि सह्याद्री, बाकी काही लागत नाही. त्यासाठी दरमहा रिचार्ज मारायला आप्पा तयार नाहीत. गच्चीवर टाटा प्लेची छत्री पडून आहे. तिच्यावर दूरदर्शनची बिनारिचार्जची डीडी फ्री डिश लागेल का? ओळखीचा एक जण म्हणतो, जुना बॉक्सही चालेल.

छत्रीवाले_मामा:
छत्री चालेल, बॉक्स नाही. तो कंपनीच्याच सेवेसाठी बनवलेला असतो. नवा घ्या, पण एमपीईजी-४ वाला (चित्र पाठवायची नवी पद्धत). जुने एमपीईजी-२ चे बॉक्स अजून स्वस्तात गळ्यात मारतात, त्यावर बरेच चॅनल दिसतच नाहीत. एलएनबीवर, म्हणजे छत्रीसमोर दांड्याच्या टोकाला असते त्या डबीवर, ९७५०/१०६०० छापलंय का बघा. असेल तर तीही राहू द्या.

आता दिशा. टाटाचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला, फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ ला. कराडहून छत्री पूर्वेकडे साधारण २२ अंश वळवायची आणि ७-८ अंश खाली आणायची. म्हणजे तोंड आग्नेयेला. मोबाईलमधलं होकायंत्र लोखंडी पाइपाजवळ धरू नका, भलतीकडेच दाखवतं.

पोरं फसतात ती पुढे. सिग्नलची पट्टी भरते, आणि स्कॅन केलं की सगळे चॅनल 'स्क्रॅम्बल्ड', म्हणजे कुलूपबंद. दीड अंशावर, ९५ ला, डिश टीव्ही बसलाय. तुम्ही त्याला पकडलेलं असतं. छत्री पश्चिमेकडे केसभर सरकवायची. नट पूर्ण ढिला केलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

निवृत्त_मास्तर:
चॅनलच्या यादीवर जीव लावू नका. खासगी वाहिन्या प्रसार भारतीच्या (दूरदर्शन चालवणारी संस्था) लिलावात जागा घेतात, साधारण १ एप्रिल ते ३१ मार्च. २०१९ च्या मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या हिंदी वाहिन्या काढून घेतल्या, २०२० मध्ये परत आणल्या. सह्याद्री दूरदर्शनचीच, तिला लिलावाची भीती नाही. दर एप्रिलात एकदा स्कॅन मारायचं, बस्स.

ओगलेवाडीकर:
धन्यवाद मामा, मास्तर. एक अडचण आहे. आग्नेयेलाच शेजाऱ्यांचा नारळ. तोडा म्हणायची सोय नाही!

छत्रीवाले_मामा:
अहो, तोडायला कशाला लावता. उपग्रह क्षितिजापासून ६० अंशांवर आहे, जवळजवळ डोक्यावरच. छत्री ऑफसेटची (एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला) असल्यामुळे ती बघते त्यापेक्षा खूप खाली बघतेय असं वाटतं, म्हणून लोक समोरच्या झाडाला उगाच घाबरतात. नारळ छत्रीपेक्षा २० फूट उंच असला तर १२ फूट लांब असला तरी पुरे, झावळ्यांचा पसारा मात्र धरून मोजा. जमत नसेल तर छत्री अंगणात लावा, ती गच्चीवरच हवी असा काही नियम नाही. फक्त म्हैस बांधता त्या बाजूला नको.