दोन तासांच्या बैठकीची फाइल ४७ जीबी, ती पाठवायची कशी?

दौलतगंजकर

मंडळी, इथे ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या एका वाड्यात गाण्याची घरगुती बैठक झाली, तिचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. कॅमेरा एकच, ट्रायपॉडवर. १०८०पी, सेकंदाला ५० फ्रेम, ५० एमबीपीएस (सेकंदाला ५० मेगाबिट). लांबी २ तास ५ मिनिटं, फाइल जवळपास ४७ जीबी. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलाय, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट वेव्ह.

पाहिजे ते असं: पुण्याच्या आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांना पूर्ण बैठक, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादी बंदिश, आणि आजीच्या जुन्या टीव्हीला लावायला पेन ड्राइव्ह.

हँडब्रेक या व्हिडिओ दाबायच्या सॉफ्टवेअरमध्ये सरासरी बिटरेट (सेकंदाला किती बिट) १५०० केबीपीएस ठेवला तर फाइल दीड जीबीची होते, पण गायकाच्या मागचा काळपट पडदा चौकोनाचौकोनांचा दिसतो. तानपुऱ्याचा आवाज पाण्यातून आल्यासारखा. टीव्हीवर चित्र अडखळतं. आणि शेवटाकडे तबल्यावरचा हात आणि थाप जुळत नाहीत. ७२०पी केलं तर हे सगळं सुटेल का?

कंपूकर

नाही सुटणार. तुमच्या चार तक्रारींची कारणं चार वेगळी आहेत. मी फक्त चित्राचं सांगतो, आवाजाचं जाणकार सांगतील.

आधी हिशोब. फाइलचा आकार म्हणजे बिटरेट गुणिले सेकंद, भागिले ८. तुमचे ७५०० सेकंद. ५० एमबीपीएसने ४६,८७५ एमबी, म्हणजे तुमचे ४७ जीबी बरोबर आले. २ जीबीत बसवायचं तर सगळं मिळून २.१३ एमबीपीएस मिळतात, त्यातले आवाजाला पाव एमबीपीएस काढले की चित्राला १.८७ उरतात. रिझोल्यूशन या हिशोबात कुठेच नाही. तेवढ्याच बिटांत किती ठिपके रंगवायचे, एवढंच ते ठरवतं.

बैठकीचं चित्र एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबणाऱ्या भागाला, खरं तर सोपं असतं. कॅमेरा हलत नाही, पडदा हलत नाही, गायकाचे हात आणि चेहरा तेवढा हलतो. एन्कोडर मागच्या फ्रेमवरून पुढच्या फ्रेमचा अंदाज बांधतो आणि फक्त फरक लिहितो. मग बिट जातात कुठे? अंधारातल्या दाण्यांत. वाड्यातल्या पिवळ्या दिव्यात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) चढलेला असणार. ते दाणे दर फ्रेमला नवे, त्यांचा अंदाज बांधता येत नाही, आणि बरेच बिट तेच खातात. वर सरासरी बिटरेट बांधून ठेवला की एन्कोडर अंधाऱ्या भागातच पहिली काटकसर करतो, कारण तिथे डोळ्याला कमी कळतं असं तो धरून चालतो. पडद्यावरचे चौकोन तिथून येतात.

म्हणून हँडब्रेकमध्ये असं करून पाहा:

व्हिडिओ टॅबवर एन्कोडर एच.२६४ (एक्स२६४). सरासरी बिटरेट सोडा, कॉन्स्टंट क्वालिटी घ्या, आरएफ २१. हा आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला, आणि साधारण ६ ने कमी केला की फाइल दुप्पट होते. प्रीसेट स्लो, ट्यून फिल्म. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सच्या रकान्यात aq-mode=3 लिहा. त्याने अंधाऱ्या भागाला जास्त बिट मिळतात. तुमच्या पडद्यावर खरं औषध हेच.

फिल्टर्स टॅबवर डीनॉइज, एनएलमीन्स, लाइट. त्याच्या वर जाऊ नका, चेहरे मेणाचे होतात आणि पगडीची वीण गायब होते. या फिल्टरला वेळ फार लागतो, रात्री लावून ठेवा.

फ्रेमरेट २५, कॉन्स्टंट. ५० चे २५ करताना एकाआड एक फ्रेम टाकली जाते, हालचाल एकसारखी राहते. ५० चे ३० कधीही करू नका, फ्रेमा विषम अंतराने गळतात आणि हात झटके घेत फिरतो. २५ केल्याने फाइल निम्मी होते अशी मात्र अपेक्षा ठेवू नका, कारण टाकलेल्या फ्रेमांत फरकच थोडा होता.

समरी टॅबवर वेब ऑप्टिमाइज्डची खूण करा. एमपी४ ची अनुक्रमणिका त्याने फाइलच्या सुरुवातीला येते. नाहीतर ती शेवटी राहते आणि ब्राउझरमध्ये लिंक उघडणारा माणूस पांढऱ्या चौकटीकडे बघत बसतो.

सगळे दोन तास एकदम लावू नका. ३०-३० सेकंदांचे दोन तुकडे करून बघा, एक सगळ्यात अंधारा आणि एक टप्पा या गानप्रकाराचा. ग्वाल्हेरची बैठक आहे म्हणजे टप्पा असणारच, आणि त्या ताना घेताना मान-हात सगळंच फिरत असतं. या दोन्हींत आरएफ २१ टिकला तर बाकी बैठकीची काळजी नको.

रात्रपाळी

कंपूकर, २५ फ्रेम पाठवायच्या प्रतीला ठीक. पण यूट्यूबवर ५० च ठेवा. द्रुत तीनतालात तबल्याची बोटं २५ ला नुसती धुरकट पुसट दिसतात, आणि ऐकणारे सगळे तबल्याकडेच बघत असतात.

दौलतगंजकर, एच.२६४ च्या पुढची पद्धत, एच.२६५, का नाही वापरत? त्याच दर्जाला बरीच लहान फाइल होते. १० बिट केलं तर पडद्यावरचे पट्टेही जातात.

कंपूकर

जातात, खरं आहे. पण ती फाइल बघणार कोण? विंडोज १० वर त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन विकत घ्यावं लागतं, जुन्या टीव्हीचा तर प्रश्नच नाही. स्वतःच्या हार्ड डिस्कवरच्या प्रतीला एच.२६५ १० बिट जरूर करा. दहा घरांत पाठवायची फाइल असेल तर मी एच.२६४ च धरेन.

आणि एनव्हेंक किंवा क्विकसिंकने पटकन करायचा मोह आवरा. ग्राफिक्स कार्डाचा एन्कोडर झपाट्याने काम उरकतो, पण तोच दर्जा टिकवायला त्याला जास्त बिट लागतात. इथे तर प्रश्नच बिटांचा आहे.

जवारी

आता आवाज. काका, गाण्याच्या बैठकीत चित्रावर कंजुषी चालते, आवाजावर नाही. हँडब्रेकचा आवाज मुळात १६० केबीपीएस एएसीवर (आवाज दाबायची पद्धत) असतो. तो २५६ करा, स्टीरिओ, ४८ किलोहर्ट्झ. ७५०० सेकंदांत ९६ केबीपीएस वाढवल्याने फाइल फक्त ९० एमबीने वाढते. चित्रातून तेवढं वाचवणं काहीच नाही.

तानपुऱ्यावर हे का दिसतं? जवारीची, म्हणजे घोडीवर तार घासून येणारी, झंकार वरच्या स्वनांशांची (उंच उपस्वरांची) बनलेली असते, आणि बिट कमी पडले की कोडेक (दाबणारी पद्धत) कापायला तिथूनच सुरुवात करतो. शिवाय तानपुरा अखंड चालू असतो, त्यामुळे झालेली कापाकापी लपायला जागाच नाही. तबला किंवा हार्मोनियम एकवेळ निभावून नेतात.

दोन-तीन गोष्टी अजून. मूळ वेव्ह फ्लॅकमध्ये ठेवा. सव्वादोन जीबीच्या आसपासची फाइल बरीच उतरते आणि एक बिटही हरवत नाही. एएसी करण्याआधी सगळ्यात मोठा आवाज -१ डेसिबलच्या खाली आहे ना ते पाहा. शून्याला टेकलेली सम एन्कोड झाल्यावर फाटते. आणि आलाप हळू वाटतो म्हणून लिमिटर-कंप्रेसर लावून सगळं सपाट करू नका. यूट्यूब साधारण -१४ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणाचं माप) वरचा आवाज खाली ओढतं, पण हळू असलेला वर आणत नाही. पूर्ण बैठक एकसारखी दोन-चार डेसिबल उचलली तर पुष्कळ झालं.

थाप न जुळण्याचं कारण वेगळं. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं स्वतंत्र, आणि कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. दोन तासांत तीन फ्रेमांचा फरक पडला, २५ च्या हिशोबाने १२० मिलिसेकंद, तर तो ७५०० सेकंदांत लाखात १.६ भाग एवढाच आहे. आवाज पुढे-मागे सरकवून तो जाणार नाही. सुरुवात जुळवाल तर शेवट सुटेल.

उपाय: कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकचा आवाज उघडा. पहिल्या दहा मिनिटांतली तबल्याची एक ठळक थाप आणि अगदी शेवटची एक थाप निवडा. दोन्ही ट्रॅकवर त्या दोन थापांमधलं अंतर मोजा. कॅमेऱ्याचं अंतर भागिले रेकॉर्डरचं अंतर, हे तुमचं गुणोत्तर. रेकॉर्डरच्या फाइलच्या लांबीला त्याने गुणा आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरात चेंज स्पीडमध्ये ती नवी लांबी भरा. आधी सुरुवातीचं काही कापू नका, गणित चुकतं.

वेग बदलला म्हणून सूर हलेल ही भीती नको. लाखात १.६ भाग म्हणजे ०.०३ सेंटसुद्धा नाही, आणि एका सेमीटोनचे १०० सेंट. एवढ्याला कोणाही बुवांचा कान लागणार नाही.

रात्रपाळी

टीव्हीचं राहिलं. १०८०पी ५० फ्रेमला एच.२६४ ची लेव्हल ४.२ लागते. जुने टीव्ही बहुतेक ४.१ पर्यंतच चालवतात, मग चित्र अडखळतं किंवा नुसता आवाज येतो. पेन ड्राइव्हच्या प्रतीला २५ फ्रेम, प्रोफाइल हाय, लेव्हल ४.०.

पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असला तर एका फाइलला ४ जीबीची हद्द आहे. तुमच्या लांबीला सगळं मिळून ४ एमबीपीएस म्हणजे ३.७५ जीबी, आत बसतं. आरएफने त्याच्या वर गेली तर आरएफ २२ करा, किंवा मध्यंतराला फाइल तोडा. एक्सफॅट करून हद्द काढता येते, पण जुना टीव्ही तो पेन ड्राइव्ह ओळखेलच असं नाही.

व्हॉट्सॲपवर गॅलरीतून व्हिडिओ टाकला की ते पुन्हा दाबतं, चित्र आणि आवाज दोन्ही. तोच डॉक्युमेंट म्हणून जोडा, जसाच्या तसा जातो, २ जीबीपर्यंत. पण ग्रुपवरच्या प्रत्येकाच्या फोनमधली जागा खाऊ नका. पाच मिनिटांची बंदिश ७२०पी, चित्र १.५ एमबीपीएस, आवाज १९२ केबीपीएस, ६५ एमबीच्या आत येते. तेवढी पुरे. ईमेलचा विचार सोडा, जीमेलची हद्द २५ एमबी.

पूर्ण बैठक यूट्यूबवर अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यांना दिसेल असा) चढवा आणि लिंक द्या. १५ मिनिटांवरच्या व्हिडिओसाठी आधी फोन नंबरने खातं व्हेरिफाय करावं लागतं. मुख्य म्हणजे तिथे व्हॉट्सॲपसाठी दाबलेली फाइल चढवू नका. यूट्यूब स्वतः पुन्हा एन्कोड करतंच, दाबलेल्यावर दाबलं की पडदा परत चौकोनी. १०८०पी ५० फ्रेमला त्यांची शिफारस १२ एमबीपीएसची आहे, आवाज ३८४ केबीपीएस. म्हणजे साडेअकरा जीबीच्या आसपास. अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर सव्वा तास-दीड तास धरा.

दौलतगंजकर

खूप आभार सगळ्यांचे. एकच शंका: जुळवलेला आवाज हँडब्रेकमध्ये घालायचा कुठे? बाहेरची वेव्ह जोडायची सोय दिसत नाही.

कंपूकर

नाहीच तिथे. शॉटकट किंवा डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मूळ व्हिडिओ टाका, कॅमेऱ्याचा आवाज म्यूट करून जुळवलेली वेव्ह खाली लावा आणि एकदाच मोठ्या बिटरेटने मास्टर काढा. ५० एमबीपीएसच ठेवा, पुन्हा ४७ जीबी झाले तरी चालतील. यूट्यूबची, टीव्हीची आणि बंदिशेची प्रत प्रत्येक वेळी या मास्टरवरून काढायची, एकीवरून दुसरी नाही.

आणि पुढच्या बैठकीला शटर १/५० किंवा १/१०० वर पक्कं करा. आपली वीज ५० हर्ट्झची, दुसरं शटर धरलं की काही दिवे लुकलुकतात. प्रत्येक फ्रेमचा उजेड बदलला की एन्कोडरचा अंदाज प्रत्येक फ्रेमला चुकतो, आणि बिट पुन्हा तिथेच जातात. गायकाच्या बाजूला एक दिवा जास्त लावता आला तर आयएसओ उतरेल आणि डीनॉइजचीही गरज पडणार नाही.

जवारी

दिवा लावा, पण पंखा असलेला नको. तानपुऱ्यात त्याची घरघर येते.