पाण्याचा ताळेबंद शिकवायचा तो हस्त नक्षत्रात की मार्चअखेर?

मूळ मुद्दा (मंगळवेढा, कोरडवाहू शेतकरी)

हवामान बदल आणि भूजल यांवरील सरकारी कार्यक्रमांत प्रशिक्षणासाठी वेगळा निधी असतो आणि तो असायलाच हवा. परंतु आपल्या जिल्ह्यात तो कोणत्या महिन्यात आणि कुठे खर्च होतो, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे माझे ठाम मत आहे. सोलापूर हा रब्बीचा जिल्हा आहे. आपला भरवशाचा पाऊस सप्टेंबरात पडतो, त्या ओलीवर ज्वारीची पेरणी होते आणि विहिरीला किती पाणी आले हे पाहून हरभरा, गहू की ऊस हा निर्णय ऑक्टोबर संपेपर्यंत झालेला असतो. मी पाहिलेल्या बहुतेक कार्यशाळा मात्र निधी परत जाऊ नये म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये तालुक्याच्या सभागृहात उरकल्या गेल्या, म्हणजे ज्या निर्णयासाठी ते ज्ञान हवे होते तो निर्णय होऊन चार-पाच महिने उलटल्यावर.

२५ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत आपला जिल्हा होता आणि तिची मूळ कल्पना मला आजही योग्य वाटते: गावानेच पर्जन्यमापक वाचायचा, विहिरींची पातळी नोंदवायची, पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी आले आणि किती वापरले याचा हिशेब, ग्रामसभेपुढे ठेवायचा आणि त्यावरून जलसुरक्षा आराखडा करायचा. माझे म्हणणे एवढेच आहे की हे शिक्षण हंगामाबरोबर चालावे. जूनमध्ये पर्जन्यमापक, पाऊस ओसरल्यावर विहिरींचे मोजमाप आणि पेरणीचे निर्णय पक्के होण्याआधी ताळेबंद, हे सगळे गावातच व्हावे. शिकवणारा शेजारच्या गावातला, स्वतः दोन-तीन वर्षे नोंदी ठेवलेला शेतकरी असावा.

प्रतिसाद (सोलापूर शहर, निवृत्त प्रशिक्षक)

वेळेबाबत आपण म्हणता ते मान्य, पण शेतकऱ्यानेच शेतकऱ्याला शिकवावे या सूचनेला माझा विरोध आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, इथपर्यंतचे गणित कोणीही शिकवू शकेल. त्यातले किती वाहून गेले, किती बाष्प होऊन उडाले आणि किती मुरले, हा खरा अवघड भाग आहे. आपल्या काळ्या पाषाणात एका विहिरीला भरपूर पाणी असते आणि हाकेच्या अंतरावरची विहीर कोरडी असते. कोणत्या विहिरी निरीक्षणासाठी निवडायच्या हे चुकले, तर पुढचा सगळा ताळेबंद चुकतो आणि चुकीचा आकडा ग्रामसभेच्या ठरावात जाऊन बसतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून हे काम करत आहे, तो अनुभव बाजूला सारता येणार नाही. शिवाय अकरा तालुक्यांतील प्रत्येक गावात हंगामभर वर्ग चालवायला तेवढी माणसे आणायची कुठून? सभागृहातला वर्ग अपुरा असेल, पण तिथे तज्ज्ञ निदान सर्वांना सारखेच आणि तपासलेले सांगतो.

प्रतिसाद (पंढरपूर, ऊस उत्पादक)

आपण दोघेही प्रशिक्षणाला नको तेवढे महत्त्व देत आहात. ऊस पाणी पितो हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. उसाला रास्त आणि किफायतशीर दर कायद्याने ठरलेला आहे आणि जिल्ह्यात कारखान्यांची कमतरता नाही. ज्वारी मात्र बाजारात नेली की जो भाव मिळेल तो घ्यावा लागतो. ज्वारीच्या खरेदीची तशीच हमी द्या, म्हणजे ताळेबंदाचा वर्ग न घेताही माझ्यासारखे अनेक जण पीक बदलतील.

प्रतिसाद (सांगोला, डाळिंब उत्पादक)

दराचा मुद्दा खरा आहे, पण तो सगळ्यांना लागू होत नाही. आमच्याकडे मृग, हस्त की आंबे, यांपैकी कोणता बहार (डाळिंबाच्या फुलोऱ्याचा हंगाम) धरायचा हा मुळात पाण्याचाच निर्णय असतो. आंबे बहाराला ऐन उन्हाळ्यात पाणी लागते, आणि विहीर एप्रिलपर्यंत टिकणार की नाही हे ऑक्टोबरातल्या नोंदीवरून कळले, तर एक कुटुंब कर्जातून वाचते. त्यासाठी कोणत्याही हमीभावाची वाट पाहावी लागत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

निवृत्त प्रशिक्षकांचा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. निरीक्षण विहिरी भूवैज्ञानिकाने गावात येऊन निवडाव्यात आणि वर्षातून एकदा नोंदवही तपासावी, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तज्ज्ञाचे ज्ञान आणि गावाचे ज्ञान एकत्र आले तेव्हाच या जिल्ह्याला टिकाऊ काही मिळाले आहे. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू आहे, आणि मालदांडी ३५-१ हा ज्वारीचा वाण मोहोळच्या केंद्रावर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या स्थानिक बियाण्यातूनच निवडला गेला.

माणसे कुठून आणायची, या प्रश्नाचेही उत्तर आपल्या डोळ्यांसमोर घडून गेले आहे. २०१६ ते २०१९ या काळातील वॉटर कप स्पर्धेत गावोगावच्या स्त्री-पुरुषांनी पाणलोटाचे प्रशिक्षण घेऊन कामे आखली आणि केली. शिकलेली ती माणसे अजून गावातच आहेत. प्रकल्पाची मुदत संपली की त्यांना विचारणारे कोणी उरत नाही आणि नोंदवह्याही कंत्राटी कर्मचाऱ्याबरोबर निघून जातात.

उसाबद्दल माझे मत वेगळे आहे. दराची हमी मागायची असेल, तर गावात किती पाणी आहे आणि त्यातले किती उसाला जाते, हा आकडा मागणी करणाऱ्याच्या हातात हवा. म्हणून माझी मागणी कायम आहे: प्रशिक्षणाच्या निधीचा मोठा हिस्सा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गावातच खर्च करावा आणि नोंदवही ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवून तिचे वाचन दिवाळीपूर्वीच्या ग्रामसभेत बंधनकारक करावे.