त्याच कार्डाला आधी ८, मग ९, मग पुन्हा ८: ग्रेडिंगचे आपापले अनुभव सांगा

एडिसनकर

मंडळी, गेल्या आठवड्यात पोस्टाने एक खोका आला आणि घरात सुतक पडलं, म्हणून हा धागा काढतोय.

पोरगं चौदा वर्षांचं. दोन उन्हाळे शेजाऱ्यांचं गवत कापून पैसे साठवले आणि बास्केटबॉलची बावीस कार्डं ग्रेडिंगला पाठवली. पाठवण्याआधी आम्ही दोघांनी डायनिंग टेबलावर काळं कापड अंथरून, टॉर्च तिरका धरून, भिंगाखाली एकेक कार्ड पाहिलं होतं. वहीत टिपणं आहेत. ज्या कार्डावर मला छपाईची बारीक रेघ सरळ सरळ दिसत होती, त्याला १०. ज्यात खोट शोधून शोधून माझे डोळे दुखले, त्याला ७. का, ते कुठेही लिहिलेलं नाही. प्लास्टिकची डबी, वर लेबल, लेबलावर आकडा, विषय संपला.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी: ग्रेडिंग कंपन्या कार्डाला १ ते १० असे गुण देतात. सेंटरिंग (म्हणजे चारी बाजूंचा समास सारखा आहे का), कोपरे, कडा आणि सरफेस (पृष्ठभाग) बघतात, आणि मग कार्ड कायमचं सीलबंद. त्या डबीला स्लॅब म्हणायचं. ९ आणि १० मधला फरक डोळ्यांना दिसो न दिसो, किमतीत दिसतो. नव्या कार्डांत ९ आला तर बऱ्याचदा फीसुद्धा सुटत नाही.

एकच विनंती. स्वतःचा अनुभव लिहिताना कंपनीचं नाव घालू नका. नाव आलं की धागा भक्तांच्या ताब्यात जातो. जगजाहीर इतिहासाला हरकत नाही.

ओहायोकर

माझी कहाणी लांब आहे, चहा घेऊन बसा.

मी १९९८ ला, वायटूकेच्या (सन २००० च्या कॉम्प्युटर गोंधळाच्या) वरातीतून इकडे आलो. बेसबॉल कळायला तीन वर्षं गेली, कार्डांचा नाद लागायला एक रविवार पुरला. फ्ली मार्केटमध्ये एका आजोबांकडून जुन्या कार्डांचा एक बूटबॉक्स घेतला, त्यात अप्पर डेक कंपनीचं १९८९ चं, बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनिअरचं कार्ड निघालं. सेटमधलं १ नंबरचं कार्ड, मागे होलोग्राम. हे कार्ड दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. ढिगाने छापलंय आणि ग्रेडिंगलाही ढिगाने गेलंय. मुद्दा तोच आहे. ज्या कार्डावर ह्या लोकांचा हात डोळे मिटून बसायला हवा, असं एखादं असेल तर ते हेच.

पहिल्यांदा पाठवलं, ८ आला. मनाला पटेना. सहा महिने कपाटात ठेवलं आणि एका शनिवारी गॅरेजमध्ये बसून स्लॅब फोडला. ज्यांनी फोडला नसेल त्यांना सांगतो, पोटात गोळा येतो. साइड कटर डबीच्या कोपऱ्यावर ठेवून दाबायचा, कट्कन आवाज होतो, पारदर्शक टवका उडून कुठेतरी वॉशिंग मशीनखाली जातो. मग फटीत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून केसाएवढा पिळायचा. आतलं कार्ड हलताना दिसतं आणि आपला श्वास आपोआप थांबतो. बायको दारात उभी होती. म्हणाली, "पैसे देऊन डबीत घालून घेतलंस ना? मग आता?" उत्तर नव्हतं.

तीच कंपनी, तीच सेवा, दुसऱ्यांदा ९. म्हणजे माझं बरोबर होतं! इथे थांबायला हवं होतं. थांबलो नाही. १० ची हाव सुटली, परत फोडलं, परत पाठवलं. ८.

तुम्ही म्हणाल, फोडताना कोपरा दुखावला असेल. प्रत्येक वेळी पाठवण्याआधी ६०० डीपीआयचे स्कॅन काढून ठेवलेत, तिन्ही एकावर एक ठेवून पाहिलेत. कार्ड जिथल्या तिथे आहे. बदलला तो फक्त टेबलापलीकडचा माणूस, किंवा त्याचा मूड, किंवा त्याच्या खोलीतला दिवा.

अवांतर: फोडलेल्या डब्यांची लेबलं मी परत पाठवली नाहीत. त्यामुळे पॉप रिपोर्टमध्ये (कुठल्या ग्रेडची किती कार्डं आहेत त्या कंपनीच्या यादीत) माझं एकच ग्रिफी आज तीन कार्डं म्हणून नांदतंय. असे उद्योग करणारा मी एकटाच असेन का? तेव्हा "ह्या ग्रेडची इतकीच आहेत" हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं.

फेरतपासणी

आपल्या बोर्डाचा पेपर बरा. निदान अर्ज करून उत्तरपत्रिकेची छायाप्रत तरी मिळते, मार्क कुठे कापले ते कळतं.

पाकीटफोड्या

फेरतपासणी यांना +१. माझं ७ वरून रडणं नाही, माझ्या कार्डाला गुणच मिळाले नाहीत.

पाकीट मी स्वतः फोडलं. हातमोजे घातलेले, कार्ड थेट पेनी स्लीव्हमध्ये (पातळ प्लास्टिकच्या पिशवीत), तिथून सेमी-रिजिडमध्ये (जरा कडक प्लास्टिकच्या पाकिटात). दोन महिन्यांनी उत्तर आलं की ट्रिमिंगचा संशय, म्हणजे कडा कापल्याचा. अहो, कुणी कापली? कारखान्यातल्या पात्याने कापली असेल तेवढीच! फी गेलीच, वर चोर ठरलो. माझ्या मित्राने ते कार्ड तसंच, काही न करता, आपल्या नावावर त्याच ठिकाणी पाठवलं. ९ आला. आता ते माझ्या टेबलावर आहे आणि विकताना खाली मान घालून विकावं लागेल असं वाटतं, का ते कळत नाही.

शिकागो-विंटेज

थोडं उलटं बोलतो, जोडे मारू नका.

मी जुनी कार्डं घेतो. उदाहरणार्थ फ्लिअर कंपनीचं १९८६-८७ चं मायकल जॉर्डनचं बास्केटबॉल कार्ड, ५७ नंबर. ह्या कार्डाची नक्कल इतक्या वर्षांत इतक्यांनी केली आहे की रॉ (स्लॅबमध्ये नसलेलं) जॉर्डन समोर आलं की मी पाकिटाला हात लावत नाही. २०११ मध्ये एका शोमध्ये जवळजवळ फसलो होतो. विकणारा म्हातारा, गोड बोलणारा, कार्ड जुन्या वहीत. शेजारच्या टेबलवाल्याने भिंग दिलं. खऱ्या कार्डात काळी अक्षरं भरीव, एकसंध छापलेली दिसतात. त्यात ती रंगीत ठिपक्यांची दिसत होती, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखी. भिंग परत केलं, काही न बोलता निघून आलो.

तेव्हा ८ की ९ ह्यावर भांडा, पण खरं की खोटं हे सांगणारं कुणीतरी लागतंच. माझ्यासाठी स्लॅबची किंमत तेवढीच आहे आणि ती वसूल होते.

बे एरिया

शिकागो, वकिली चांगली केलीत, पण ह्या धंद्याचा श्रीगणेशाच कसा झाला ते विसरलात.

पीएसए ही ग्रेडिंग कंपनी १९९१ ला सुरू झाली. त्यांच्या पहिल्या नंबरच्या सर्टिफिकेटवर कुठलं कार्ड आहे? तंबाखूच्या पाकिटातलं, टी-२०६ नावाच्या १९०९ ते ११ च्या मालिकेतलं, बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं, बेसबॉल कार्डांतला कोहिनूर. दिलेला ग्रेड ८. आणि २०१३ मध्ये बिल मास्ट्रो ह्या लिलाववाल्याने कोर्टात कबुली दिली की ते कार्ड आपणच कडेने कापलं होतं. पहिल्याच घासाला खडा. पुढे २०१९ मध्ये हौशी संग्राहकांनी घरी बसून जुन्या लिलावांचे फोटो ताडून पाहिले, तर एकच कार्ड आधी खालच्या ग्रेडमध्ये किंवा रॉ, नंतर किंचित लहान होऊन वरच्या ग्रेडमध्ये, अशा जोड्याच्या जोड्या सापडल्या. पगारी डोळ्यांना न दिसलेलं रिकामटेकड्यांना दिसलं.

आणि इकडे पाकीटफोड्याचं कोरं कार्ड कापलेलं ठरतं. ह्याला काय म्हणायचं?

शिकागो-विंटेज

वॅग्नरला माझ्याकडे उत्तर नाही. जॉर्डन मात्र स्लॅबमधलंच घेईन.

ह्यूस्टन

माझं दुःख ग्रेडचं कमी, वेळेचं जास्त. २०२१ च्या जानेवारीत चाळीस कार्डं पाठवली. आठवतंय ना तेव्हाचं वातावरण? लोक घरात कोंडलेले, हातात सरकारचे चेक, आणि महिनाअखेरीस जॉर्डनचं तेच फ्लिअर, पीएसए १०, लिलावात ७,३८,००० डॉलरला गेलं. ऑफिसात क्रिकेटसुद्धा न बघणारे लोक मला झायनचं प्रिझम (बास्केटबॉलपटू झायन विल्यमसनचं प्रिझम मालिकेतलं कार्ड) घेऊ का म्हणून विचारत होते. मार्चमध्ये पीएसएने नवी कार्डं घेणं बहुतांशी बंदच केलं. त्यांच्या अध्यक्षांनीच लिहिलं होतं की मागच्या तीन महिन्यांत आली नव्हती तेवढी कार्डं तीन दिवसांत आली. कमी-अधिक फरकाने सगळीकडे हीच गत.

माझी चाळीस कार्डं चौदा महिन्यांनी परत आली. जॉर्डनचा भाव तोवर निम्म्याच्याही खाली, झायनचं तर विचारू नका. ग्रेड? त्या चाळीसमध्ये पहिली पंधरा-वीस कडक, नुसते ८ आणि ९. पुढची एकदम सढळ. जणू दुपारच्या जेवणाआधी एक आणि नंतर दुसरा. एक कार्ड १० निघालं तर लगेच निरोप आला की ह्याची किंमत तुम्ही भरलेल्या सेवेच्या मर्यादेबाहेर गेली, वरची फी भरा. मार्क जास्त दिले म्हणून फी जास्त! परीक्षकाला निकालात वाटा असेल तर काय बोलायचं.

(हे बेकायदेशीर नाही, नियमांत लिहिलेलं असतं. पण गंमत बघा.)

पेठेतला

पुण्यातून लिहितोय. आमच्या लहानपणी कार्डं म्हणजे बबलगमची आणि डब्ल्यूडब्ल्यूएफची, आणि ती रबरबँड लावून खिशात. आता तो रबरबँड आठवला की कोपऱ्यांच्या काळजीने अंगावर काटा येतो.

माझ्याकडे प्लेअर्स सिगारेटची १९३८ ची क्रिकेटरांची कार्डं आहेत, ब्रॅडमनसकट. आजोबांच्या एका पारशी साहेबाने दिलेली. अमेरिकेत पाठवायची म्हणजे आधी मध्यस्थ, मग कुरिअर, मग कस्टमवाल्यांना समजावणं की ही तंबाखू नाही, चित्रं आहेत. एवढं करून ब्रॅडमन परत आला ४ घेऊन, आणि मध्यस्थाकडून कळलं की मागच्या बाजूला गोंदाचे डाग आहेत म्हणे. अहो, ही कार्डं अल्बममध्ये चिकटवायलाच काढली होती! मागे डिंक कारखान्यातूनच लावलेला, आणि हा पृष्ठभाग चिकट आहे असं कार्डावर छापलेलं आहे. पाकिटावरच्या तिकिटामागे डिंक आहे म्हणून पोस्टाने दंड करावा तशातली गत. त्याच लॉटमधल्या दुसऱ्या एका खेळाडूच्या कार्डाला, तोच डिंक, तोच पिवळेपणा, ७. बेसबॉल बघणाऱ्याने क्रिकेटचं कार्ड तपासलं की हे व्हायचंच.

बाकीची अठ्ठेचाळीस पाठवणार नाही. आजोबांच्या वहीत बरी आहेत.

सॅन होजे, नवीन

मी फक्त चारही बाबींचे वेगळे गुण लेबलावर छापून घेतो. बेकेट ह्या ग्रेडिंग कंपनीने १९९९ पासून ती सोय ठेवली आहे. ग्रेड तरीही पटत नाही, पण निदान सेंटरिंगवर चिडायचं की कोपऱ्यांवर हे कळतं.

एडिसनकर

सगळ्यांचे आभार. पेठेतला, त्या डिंकावर मी आणि पोरगा दोघं हसलो, घरातलं सुतक तिथेच फिटलं.

काल त्याला जवळच्या कार्ड शोला घेऊन गेलो. ते ७ वालं आणि रेघवालं १०, दोन्ही घेऊन. टेबलवाल्याने दोन्ही डब्या उचलल्या, वरचं लेबल वाचलं, फोनवर भाव पाहिला. कार्डांवर त्याचा अंगठा होता. १० चे चांगले पैसे सांगितले. पोराने ते विकलं आणि पैसे खिशात घातले. ७ विकलं नाही. गाडीत म्हणाला, "बाबा, ओहायोच्या काकांना विचार, कटर कुठला वापरतात."

ओहायोकर

साध्या हार्डवेअरच्या दुकानातला, वायर कापायचा. डोळ्यांना चश्मा लावा म्हणावं, टवका जोरात उडतो. आणि कार्ड वरच्या बाजूने काढायचं नाही, डबी पूर्ण उघडून आडवं काढायचं. ९ आला तर गप्प बसायला सांग, माझं ऐक.