शब्बाथशाळेत गोष्ट सांगून झाल्यावर तात्पर्य विचारावे का?

प्रश्न : रविवारची शिक्षिका (अहिल्यानगर जिल्हा)

सर्वांना सप्रेम सलाम. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत, आठ ते बारा वर्षांच्या मुलांचा वर्ग मी गेली सहा वर्षे घेते. उपासनेआधी चाळीस मिनिटे मिळतात, त्यांतली पंधरा गीतांत आणि हजेरीत जातात. उरलेल्या वेळात एक गोष्ट सांगायची, तिचे तात्पर्य फळ्यावर लिहायचे आणि सुवर्णवचन (पवित्र शास्त्रातले त्या दिवसाचे निवडक वाक्य) पाठ करून घ्यायचे, ही पद्धत मला माझ्या शिक्षिकांकडून मिळाली आणि मीही ती आजवर निमूटपणे चालवली.

गेल्या महिन्यात येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला घेतला : वाट्याची संपत्ती उधळून परतलेल्या धाकट्या मुलासाठी बाप मेजवानी करतो, आणि मोठा मुलगा, मला कधी साधे करडूही दिले नाही, म्हणून रुसून बाहेर राहतो. "यावरून आपण काय शिकतो?" असे विचारताच चार-पाच हात वर गेले आणि "देव आपल्याला क्षमा करतो" हे उत्तर इतक्या चटकन आले की, मी गोष्ट सांगितली नसती तरी ते आलेच असते. तेवढ्यात मागे बसणारा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, "टीचर, मोठ्या भावाला करडू का नाही दिले?" घंटा व्हायची वेळ झाली होती, म्हणून "त्याने हेवा करायला नको होता" असे म्हणून मी विषय मिटवला. त्या मुलाचा धाकटा भाऊ जन्मापासून आजारी आहे आणि घरातले सगळे त्याच्याच भोवती असतात, हे मला ठाऊक होते. पण ते आठवले घरी स्वयंपाक करताना.

तेव्हापासून मनात दोन प्रश्न आहेत. मुलांवर ख्रिस्ती संस्कार व्हावेत यासाठी गोष्टीनंतर तात्पर्य सांगणे खरोखर आवश्यक आहे का? आणि पवित्र शास्त्राबाहेरचे, ज्यात प्रभूचे नावही नाही असे बालसाहित्य वर्गात वाचावे का? पंच कमिटीतील (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीतील) एका ज्येष्ठांच्या मते तो वेळेचा अपव्यय आहे.

उत्तर १ : निवृत्त मराठी शिक्षक

ताई, तुमच्या विद्यार्थ्याने त्या दाखल्यातली नेमकी उघडी ठेवलेली जागा हेरली आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात बाप घराबाहेर येऊन मोठ्या मुलाची समजूत घालतो आणि गोष्ट तिथेच थांबते. तो आत गेला की शेतावर परतला, हे सांगितलेलेच नाही. त्या अध्यायाच्या आरंभी परूशी आणि शास्त्री, म्हणजे तेव्हाचे कर्मठ धर्मपुढारी, येशू पाप्यांना जवळ करतो म्हणून कुरकुर करत उभे आहेत. म्हणजे ज्यांना ही गोष्ट ऐकवली तेच मोठे भाऊ होते आणि शेवट त्यांनी करायचा होता. आपण मात्र तो शेवट फळ्यावर लिहून मोकळे होतो. शिवाय बापाने करडाचा प्रश्न उडवून लावलेला नाही, "जे माझे ते सर्व तुझेच आहे" असे उत्तर दिले आहे. त्या मुलाला हेव्याबद्दलच्या बोधापेक्षा हे एक वाक्य आधी मिळायला हवे होते.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही तेच. लुटून जखमी टाकलेल्या वाटसरूला दोन धार्मिक माणसे टाळून जातात, आणि यहुदी ज्यांना तुच्छ मानत त्या शोमरोनी लोकांपैकी एक जण त्याला खानावळीत नेऊन सांभाळतो. शेवटी प्रभू तात्पर्य सांगत नाही, उलट "या तिघांपैकी शेजारी कोण ठरला?" असे विचारतो, आणि "माझा शेजारी कोण?" असे विचारणाऱ्या शास्त्र्याच्या तोंडून "शोमरोनी" हा शब्दसुद्धा निघत नाही, "दया करणारा" एवढेच तो म्हणतो. मुलांना शोमरोनी म्हणजे कोण हे कळत नाही, त्यामुळे ती ही "मदत करावी" अशी साधी गोष्ट समजतात. मी वर्गात विचारत असे, "तुमच्या आजी-पणजीच्या गावात कोणाच्या हातचे पाणी चालत नसे?" आपल्या मंडळ्यांतल्या कित्येक घरांना या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या बाजूने ठाऊक आहे, म्हणून तो जपून विचारावा लागतो, पण तो विचारल्यावर वर्गात जी शांतता पसरते तिच्यात गोष्ट पोहोचलेली असते. त्या शोमरोन्याने खानावळवाल्याला दिलेले दोन दीनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी, हेही सांगावे. मुले लगेच आजच्या रोजंदारीचा हिशेब करतात आणि चकित होतात.

पंच कमिटीतील ज्येष्ठांना माझा नमस्कार कळवा आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण करून द्या. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला मराठी वाचक फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतात. त्यांच्या त्या प्रसिद्ध कवितेतली घायाळ पक्षीण रक्तबंबाळ अवस्थेत पिलांसाठी शेवटचा घास घेऊन घरट्याकडे येते. त्यात ख्रिस्ताचे नाव नाही आणि तात्पर्यही नाही. आमचे मास्तर ती कविता शिकवून झाली की आमच्याकडे पाठ करून बराच वेळ कोराच फळा पुसत असत. त्यानंतर आमच्या वर्गातल्या दोघांनी गलोली टाकून दिल्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. (तिसऱ्याने टाकली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.)

उत्तर २ : वसईकर

जय ख्रिस्त. मी आमच्या धर्मग्रामात (कॅथलिक पॅरिशमध्ये) धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. सरांचे बरेचसे पटले, पण वचनांच्या पाठांतराला कमी लेखू नये. न समजता पाठ केलेले स्तोत्र वीस वर्षांनी इस्पितळाच्या बाकावर उपयोगी पडल्याचा माझा स्वतःचा अनुभव आहे. पाठांतर राहू द्यावे, काढायचेच असेल तर फळ्यावरचे तात्पर्य काढावे.

बाहेरच्या साहित्याबद्दल एक उदाहरण देतो. ऑस्कर वाइल्डची १८८८ सालची स्वार्थी राक्षसाची गोष्ट बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचली असेल. राक्षस मुलांना बागेतून हाकलतो, भिंत बांधतो, मग बागेत वसंत यायचाच थांबतो. मुले भिंतीच्या भोकातून आत शिरतात तेव्हा झाडे फुलतात, फक्त एका कोपऱ्यात हिवाळा राहतो, कारण तिथल्या लहानग्याचा हात फांदीला पोहोचत नसतो. राक्षस त्याला उचलून झाडावर बसवतो आणि मग कुऱ्हाडीने भिंत पाडतो. माझ्या मुलीच्या पुस्तकात गोष्ट इथेच संपवून खाली "स्वार्थ करू नये" असे छापले होते.

मूळ गोष्ट त्यापुढे आहे. राक्षस म्हातारा होतो, तो लहानगा पुन्हा कधी दिसत नाही, आणि एका हिवाळ्यातल्या सकाळी तो फुललेल्या झाडाखाली उभा असतो, तळहातांवर आणि पावलांवर खिळ्यांच्या खुणा घेऊन. राक्षस संतापून विचारतो की तुला जखमा करण्याची हिंमत कोणी केली, मी तलवारीने त्याला ठार करतो. आणि उत्तर मिळते की या प्रेमाच्या जखमा आहेत. हे मी वर्गात वाचले तेव्हा तो मुलगा कोण हे मी सांगितले नाही. एका मुलीने स्वतःचा तळहात उलटासुलटा करून पाहिला आणि शेजारणीच्या कानात काहीतरी म्हणाली. त्यानंतर मला काही समजावून सांगावेसे वाटले नाही. गुड फ्रायडेला तीच मुलगी क्रुसासमोर बराच वेळ थांबली होती; त्यामागे काय होते हे मी विचारले नाही आणि विचारणारही नाही.

उत्तर ३ : दोन मुलांची आई, पुणे

वरील दोन्ही उत्तरे आवडली, तरीही एक सावधगिरीची सूचना करते. तात्पर्य काढून टाकले म्हणजे मुले योग्य तेच घेतील असे नाही. दावीदाने गोफणीच्या दगडाने धिप्पाड गल्याथाला पाडल्याची गोष्ट ऐकून आल्यावर माझ्या धाकट्याने श्रद्धेविषयी काहीही न घेता जिन्याखालच्या कुत्र्यावर दगड भिरकावला होता. म्हणून गोष्टीनंतर गप्पा हव्यातच. फक्त त्या परीक्षेच्या प्रश्नासारख्या नसाव्यात. आणि कृपा करून त्या जुन्या पद्धतीच्या गोष्टी वर्गात आणू नयेत, ज्यांत प्रार्थना करणाऱ्या मुलाला शेवटच्या पानावर बक्षीस मिळते आणि खोटे बोलणारा विहिरीत पडतो. अशा गोष्टींतून मूल चांगुलपणा शिकत नाही, व्यवहार शिकते. आणि प्रार्थना करूनही घरातले आजारपण हटत नाही तेव्हा ते स्वतःलाच दोषी ठरवते. त्या मागच्या बाकावरच्या मुलाच्या बाबतीत मला हीच काळजी वाटते.

मोठ्या मुलांसाठी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तले निवडक प्रसंग वाचावेत. स्वतःचे सोवळेओवळे, रुसवे आणि फजित्या लक्ष्मीबाईंनी हसत हसत मांडल्या आहेत. चुकणारे माणूसही देवाचे असू शकते, हे बारा वर्षांच्या मुलाला त्यातून कळते, आणि मुले हसतात, हा लाभ वेगळाच.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. काल वर्गात तोच दाखला पुन्हा घेतला. बाप बाहेर आला, "बाळा, तू नेहमीच माझ्याबरोबर आहेस" असे म्हणाला, तिथे मी थांबले आणि पुढे काय झाले असेल असे विचारले. एक जण म्हणाला, आत वाजंत्री आणि जेवण आहे, तो जाणारच. एकीचे म्हणणे पडले की तो जाईल, पण भावाशी बोलणार नाही. करडाचा प्रश्न विचारणारा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा बाहेर थांबले असतील तर तो पण थोडा वेळ बाहेरच थांबेल. दोघंच."

घंटा झाली तरी फळा कोराच होता. सुवर्णवचन मात्र मी तेच बापाचे वाक्य दिले. पंच कमिटीची बैठक पुढच्या रविवारी आहे. टिळकांची कविता घेऊन जाणार आहे.